नवऱ्याकडूनही वजन करूनच मासळी घ्या

पहाटे साडेपाचला हिप्परग्याच्या तलावाकाठी आमचा काटा लागतो. एका अंगाला आमचे मालक, एका अंगाला मी, मध्ये टोपलं. ते म्हणतात बावीस किलो. मी म्हणते, निथळू द्या आधी. टोपलं दगडावर तिरकं ठेवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पाणी गळून गेलं की बावीसचे एकवीस किलो दोनशे होतात, आणि तेवढेच मी वहीत लिहिते. नवीन माणसाला वाटतं, काय बाई आहे, सख्ख्या नवऱ्याला मापात धरते. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, त्यांनाही पहिले सहा महिने तसंच वाटायचं.

माझं माहेर केत्तूर, करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या बॅकवॉटरला. धरण १९८० ला पूर्ण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. आमच्या वडलांनी मग त्याच पाण्यात जाळं टाकलं. सासर इथं, सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तलावापाशी. कागदोपत्री याला एकरुख तलाव म्हणतात, अदिला नदीवरचा, इंग्रजांच्या काळातला. मालक तराफ्यावरून जाळं टाकतात, मी सोलापुरात विकते. सव्वीस वर्षं झाली.

काटा लागला २०१७ पासून. त्या साली नवीन जाळ्यांसाठी कर्ज काढायला आम्ही दोघं एका बँकेत गेलो होतो. साहेबांनी मालकांना विचारलं, मंडळी काय करतात? मालक म्हणाले, काही नाही, घरीच असते. मी सकाळपासून अठरा किलो मासळी विकून तशीच तिथं गेले होते. मनगटावर चिलापीचा खवला चिकटलेला, तो नखानं काढत बसले होते. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं, गृहिणी. मालक खोटं बोलले नव्हते, त्यांना खरंच तसंच वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही. रात्री जेवताना विचारलं, मी दिवसाला किती मिळवते हो? त्यांनाही सांगता येईना, मलाही येईना.

तेव्हापासून जे जे करत गेले, तेच इथं लिहिते. ज्या बायांच्या घरात मासळी आहे, मग ती तलावाची असो की शेततळ्याची, त्यांच्यासाठी.

आधी आठ दिवस नुसतं लिहा

भाव, पैसे, कर्ज, योजना सगळं नंतर. आधी शंभर पानी वही आणायची आणि आठ दिवस आपण काय काय करतो ते वेळेसकट लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगायचं, ती पाचवीत असली तरी लिहिते. कामाला मोठं नाव द्यायचं नाही. 'मदत केली' असं तर बिलकुल लिहायचं नाही. मदत म्हणजे दुसऱ्याचं काम.

माझ्या पहिल्या दिवसाचं पान असं होतं. चार वाजता उठले, पाणी भरलं, भाकरी केल्या. पाचला काठावर. पाच ते सहा जाळ्यातून मासे सोडवले. सहा ते साडेसहा निवडणं, बर्फ लावणं. रिक्षानं सोलापूर. साडेसात ते दीड विक्री, त्यात जवळजवळ सगळा वेळ साफसफाई. अडीचला घरी. टोपली, पेटी, सुरी धुणं. साडेचार ते साडेसहा जाळं सांधणं. मग चूल.

हे पान मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, जाळं सांधणं हे काय काम आहे व्हय, बसल्या बसल्या करते की. मी म्हणलं, तुम्हीही तराफ्यावर बसूनच असता. त्यावर ते हसले, आणि तिथून पुढं बोलणं सोपं झालं.

जाळ्यातून मासा सोडवणं हे किती नाजूक काम आहे ते बाहेरच्याला कळत नाही, म्हणून जरा सांगते. चिलापीच्या पाठीवर काटेरी पंख असतो. हात डोक्याकडून शेपटीकडेच फिरवायचा, म्हणजे काटे आडवे पडतात. उलटा फिरवला की तळहात फाटला. मासा कल्ल्याच्या अलीकडे अडकला असेल तर मागं ओढून निघतो. कल्ला आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, पार गेला असेल तर पुढंच ढकलून काढायचा. घाईत मागं ओढला की कल्ला फाटतो, आणि फाटक्या कल्ल्याचा मासा गिऱ्हाईक उचलतं, बघतं आणि परत ठेवतं. म्हणजे किलोमागं वीस रुपये तिथंच गेले. एका पहाटे दीडशे-दोनशे मासे असे सोडवायचे, अंधारात, गार पाण्यात. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट कायम सुजलेलं असतं. आता मी आत सुती आणि वर रबरी असे दोन हातमोजे घालते, तुम्हीही घाला. काटा रुतून पिकला तर आठ दिवस धंदा बंद पडतो.

जाळं सांधताना पायाच्या अंगठ्यात एक टोक अडकवून ताण द्यावा लागतो, तेव्हा आस सारखा येतो. आमच्या आत्यांनीच शिकवलं. आणि ह्याच आत्या म्हणायच्या, बाईनं जाळं ओलांडू नये, मासळी लागत नाही. एकदा विचारलं, आत्या, अंगठ्यात धरलेलं चालतं आणि ओलांडलेलं चालत नाही, हे कसं? म्हणाल्या, ते देवाला ठाऊक. त्यांच्यापुरता विषय तिथं मिटला.

पुढं एका प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालात जगभरचा हिशोब आहे. मासे पकडणं आणि पाळणं ह्या कामात शंभरात २४ बायका, पण पकडल्यानंतरच्या प्रक्रियेच्या कामात शंभरात ६२. मी म्हणलं, मॅडम, पहाटे जाळ्यातून मासा सोडवणारी बाई त्या पहिल्या आकड्यात धरली का दुसऱ्यात? पाण्यात तर ती गुडघ्याएवढी उभी असते. त्या म्हणाल्या, बहुतेक कशातच नाही.

काटा आणि भाव

आता मुख्य गोष्ट. नवऱ्याची मासळी आपण विकायला नेतो तेव्हा आपण व्यापारी आहोत असं धरायचं. त्या सकाळी काठावर व्यापारी ज्या भावानं माल उचलतो, त्याच भावानं आपण नवऱ्याकडून घ्यायचा. एक रुपया कमी नाही, जास्त नाही. कमी दिला तर त्याचे कष्ट बुडतात, जास्त दिला तर आपले. पैसे लगेच द्यायचे असं नाही. वहीत त्याच्या नावानं मांडायचे आणि संध्याकाळी हिशोब करायचा.

एका दिवसाचं पान उतरवून देते, म्हणजे समजेल. माल २१ किलो. चिलापी १३ किलो, ७० रुपयांनी ९१०. कटला ६ किलो, १२० नं ७२०. बारकी मिसळ मासळी २ किलो, ५० नं १००. झाले १,७३० मालकांचे. त्यातून मासे सोडवल्याची मजुरी १०० मी कापून घेते, कारण मी नसले तर ते काम ते पैसे देऊन करून घेतात. राहिले १,६३०. बर्फ ८०, रिक्षा १५०, पिशव्या ३०. सगळा खर्च १,८९०.

विक्री. सकाळची चिलापी ९ किलो १२० नं, १,०८०. बारानंतरची अडीच किलो १०० नं, २५०. एक किलो घरी आणली, अर्धा किलो गिऱ्हाइकाला वर घालण्यात आणि सुकण्यात गेली. कटला ४ किलो १८० नं, ७२०. दोन किलो खानावळीला १६० नं, ३२०, उधार. मिसळ १६०. साफ करण्याचे २००. बेरीज २,७३०. खर्च वजा जाता ८४०.

आता ते ८४० तासांनी भागा. पहाटेपासून अडीचपर्यंत दहा तास, जाळं सांधायचे दोन. बारा तासांनी भागलं की तासाला ७० रुपये. आणि उधारी वजा केली तर त्या दिवशी हातात फक्त ५२० होते.

पहिल्या महिन्याचा असा हिशोब मांडला तेव्हा मला वाटलं होतं, मालकांची चूक सापडणार. सापडली माझी. त्या खानावळीकडे अकरा हजारांवर उधारी झाली होती, आणि मी तोंडावर ठेवत होते म्हणून मला ती हजार-दीड हजार वाटत होती. आत्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायच्या, त्यांची उधारी कधी बुडली नाही. मी दहावी शिकलेली, माझी बुडत होती. तेव्हापासून खानावळ असो की पाहुणा, सात दिवसांच्या वर उधारी नाही. मागची आल्याशिवाय पुढचा माल नाही. खानावळवाले महिनाभर रुसले, मग आले परत.

घरी शिजलेला मासा 'घर' म्हणून वेगळा लिहा. तो तुमच्या नफ्यातून गेला असं धरू नका, घर दोघांचं आहे.

साफ करायचे पैसे वेगळे

ह्यावर मी जरा जास्तच बोलते, कारण ह्यात आपण फार फसतो. बाजाराच्या तोंडाशी मोठा लाकडी ठोकळा आणि कोयता घेऊन एक माणूस बसतो. तो मासे विकत नाही, नुसते कापून देतो. किलोला वीस रुपये घेतो, मोठा कटला असला तर जास्त. कुणीही त्याच्याशी घासाघीस करत नाही. आणि आत आम्ही बाया बसलेल्या. मासा आमच्याकडून घेतला की खवले काढणं, पोट साफ करणं, तुकडे करणं सगळं फुकट. 'मावशी, जरा करून द्या की.' त्यानं केलं तर ती कला, आम्ही केलं तर तो जीवाचा चांगुलपणा.

मी पाटीवर लिहिलं: मासा अमुक रुपये, साफ करून अमुक अधिक वीस. पहिल्या दिवशी चार गिऱ्हाइकं शेजारणीकडे गेली. शेजारीण मनातल्या मनात हसली असणार. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाचजणी एकत्र बसून ठरवलं की सगळ्यांनीच वीस घ्यायचे, तेव्हा ते टिकलं. एकटीनं केलं तर टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाजूच्या चौघींशी बोलल्याशिवाय पाटी लावू नका.

पैसे घ्यायचे तर काम तसं हवं. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे. पोट चिरताना सुरी उथळ धरायची, पित्त फुटलं की मासा कडू. फुटलंच तर तेवढा भाग लगेच काढून टाकायचा, धुऊन कडूपणा जात नाही. कल्ले काढूनच द्यायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका कटल्याला बोच्चे म्हणतात आणि डोकं वेगळं मागतात. ते मधोमध दोन फोडी करून द्यायचं, नाहीतर त्या पुढच्या रविवारी येत नाहीत.

बर्फ, ऊन आणि तहान

सोलापूरचं ऊन सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या आसपास जातो आणि मासळी दोन तासांत मऊ पडते. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा, थंडीत निम्मा पुरतो. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, वर माशांचा थर, परत बर्फ, सगळ्यात वर बर्फच. बर्फ बारीक फोडलेला हवा. मोठे खडे माशाला टोचतात आणि मध्ये पोकळी राहते. पेटीच्या खालच्या कोपऱ्याला भोक पाडून ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा बसला की डोळे पांढरे होतात. वर ओलं गोणपाट. बर्फाचे पैसे वाचवणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या, दुपारी त्याच निम्म्या भावात माल देतात.

आता तहानेचं. बाजारात बायकांना लघवीला जायची सोय नसते, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. मी दहा वर्षं तसंच केलं. मूतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसात किती पाणी पिता? मी सांगितलं, विक्री संपेपर्यंत एक तांब्या. ते नुसते बघत राहिले. आता आम्ही पाचजणी मिळून जवळच्या एका घरातल्या बाईला महिन्याला पैसे देतो, तिचं संडास-बाथरूम वापरतो. पाळीपाळीनं जातो, शेजारीण टोपलं बघते. हा खर्चही वहीत लिहायचा, धंद्याचा खर्च म्हणून. रिक्षाभाडं लिहितो तसाच.

नाव कुठं कुठं आहे ते बघा

एक दिवस बसून हे तपासा. माझ्या पेटीवर पैसे घ्यायचा जो चौकोनी ठिपक्यांचा कोड होता, तो मालकांच्या खात्याचा होता. पोरानं लावून दिला होता, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दोन वर्षं निम्मी विक्री त्यांच्या खात्यात जात होती आणि बँकेच्या लेखी ती त्यांची कमाई. मी माझं खातं काढलं, कोड बदलला. पुढं कर्जाच्या वेळी तेच स्टेटमेंट उपयोगी पडलं. तोंडी सांगितलेलं उत्पन्न कुणी धरत नाही, खात्यातलं धरतात.

मग बाकीचे कागद. मासे विकायला अन्न परवान्याची साधी नोंदणी लागते. मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. रस्त्यावर बसत असाल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली पालिकेकडून विक्रीचं प्रमाणपत्र मागा. त्यावर पीएम स्वनिधीचं कर्ज मिळतं. पहिला हप्ता दहा हजारांचा असायचा, आता पंधरा केला आहे. वेळेत फेडलं की पुढचा मोठा मिळतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मासेमारांनाही लागू झालं आहे, ते फक्त शेतकऱ्याचं नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. बँकेत 'हे शेतीत येत नाही' असं कुणी म्हणालं तर एवढं तरी सांगता येतं. विमा मात्र विसरू नका. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख आहेत. आमच्या ओळखीत पुरुषांची नावं घातली होती, बायांची नाहीत. जणू रिक्षा पुरुष बसल्यावरच उलटते.

संस्थेचं सभासदत्व हा सगळ्यात जड विषय. तलावातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि संस्थेत एका घरातून एकच नाव, ते पुरुषाचं, अशी रीत पडून गेली आहे. रीत आहे, कायदा नाही. अर्ज लेखी द्या, सोबत वहीची पानं, विक्रीच्या पावत्या, अन्न नोंदणी जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. पोच का, तर सहकारी संस्था कायद्याच्या, म्हणजे १९६० च्या अधिनियमाच्या, कलम २२ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानतात. तोंडी अर्जाला असं काही नसतं. माझा अर्ज पहिल्यांदा 'सचिव गावाला गेलेत' म्हणून कुणी घेतला नाही. दुसऱ्यांदा मी रजिस्टर पोस्टानं पाठवला.

एक सावधगिरी. मत्स्यसंपदा योजना २०२० ला आली तेव्हापासून तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान आणि महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्यामुळे अचानक घराघरांत बायकोचं नाव पुढं यायला लागलं. चांगलंच आहे. पण सही करायच्या आधी एवढं विचारा: खातं माझं, तर पासबुक कुणाकडे? कोटेशन कुणी आणलं? कर्जाचा हप्ता चुकला तर नोटीस कुणाच्या नावानं येणार? नोटीस तुमच्या नावानं येणार असेल तर माल विकल्याचे पैसेही तुमच्याच खात्यात यायला हवेत. हे भांडून नाही, सही करताना पेन हातात धरून विचारायचं. पेन हातात असलं की माणसं लक्ष देऊन ऐकतात.

बहिणीचं शेततळं

माझी धाकटी बहीण सांगोल्याकडे दिली आहे. डाळिंबाची बाग, त्याला प्लास्टिक अस्तराचं तीस बाय तीस मीटरचं शेततळं. पाणी साठवायला केलेलं, त्यात तिनं मासे सोडले. नऊशे बोटुकल्या. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. मत्स्यजिरे घेऊ नका, बारीक असतात, निम्म्याहून जास्त मरतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही सोडायचे. तिच्या तळ्याला खाली चिखल नाही, म्हणून मृगळ ती कमी टाकते. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा निम्मा निम्मा भिजवून, सच्छिद्र पोत्यात भरून पाण्यात लोंबकळत ठेवते. संध्याकाळी पोतं जड निघालं तर दुसऱ्या दिवशी खाद्य कमी.

पहाटेचं बघणंही तिचंच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की पाण्यातला प्राणवायू कमी झाला. रात्रभर शेवाळही प्राणवायू खातं, म्हणून सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. अशा वेळी खाद्य बंद, आणि मोटार लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं. एकदा तिचे मालक पंढरपूरला गेलेले. तिनं पहाटे चार वाजता मोटार लावली आणि तळं वाचलं. पण मासे काढायच्या दिवशी व्यापाऱ्यानं फोन कुणाला केला? भावजींना. भाव त्यांच्याशी ठरला, वजन त्यांच्यासमोर झालं, ती चहा करत होती.

तिला मी सांगितलं, पुढच्या वेळी चहा भावजी करतील. तू काट्यापाशी थांब. तिनं तीन गोष्टी केल्या. व्यापाऱ्याला स्वतःच्या फोनवरून फोन केला. खाद्याच्या पावत्या स्वतःच्या नावानं घ्यायला लागली. आणि सातबाऱ्यावर नाव लावायला भावजींना तयार केलं. त्याला लक्ष्मी मुक्ती योजना आहे, नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव लागतं, १९९२ पासून चालू आहे. तिसऱ्याला वर्ष लागलं. तलाठ्यापेक्षा सासऱ्यांनीच जास्त वेळ घेतला.

श्रावणाची तयारी

श्रावणात विक्री बसते, आषाढी-कार्तिकीलाही, आणि सोमवार-गुरुवार-शनिवार वर्षभर मंदच. बारकी मासळी तेव्हा दहा-वीस रुपयांनी फुंकून टाकू नका. पोट साफ करून, चार किलोला एक किलो मीठ लावून रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीच्या बाजेवर जुनं जाळं ताणून त्यावर वाळवा. जमिनीवर वाळवलेल्यात माती येते, कुत्री येतात. आमच्या कडक उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. पण मुळात बारीक आसाच्या जाळ्यानं पिल्लं मारून आणलेली मासळी असली तर घेऊच नका, नवऱ्यानं आणली तरी. काट्यावर बसलेल्या बाईला एवढा अधिकार असतो. मी एकदा मालकांचं टोपलं परत पाठवलं आहे. दोन दिवस बोलले नाहीत.

घरात विषय कसा काढायचा

पैशाच्या तंगीच्या दिवशी काढू नका, चांगला माल लागला त्या संध्याकाळी काढा. 'मला माझे पैसे पाहिजेत' असं सुरू केलं की माणूस दार लावून घेतो. मी म्हणाले होते, आपल्याला कळत नाही पैसा कुठं गळतो, महिनाभर लिहून बघू. मालकांना आकडे आवडतात. आता तेच मला विचारतात, आज तासाला किती पडले? परवा त्यांच्या कामाचेही तास काढले, तर त्यांचे माझ्यापेक्षा कमी पडले, तासाला ६१. ते दिवसभर गप्प होते. त्यांची वही वेगळी घातली आहे आता.

आत्यांचं मात्र राहून गेलं. त्यांनी तीस वर्षं डोक्यावर टोपलं घेऊन, पायी जाऊन मासळी विकली. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या माझ्या वहीकडे बघत होत्या, आणि एकदम म्हणाल्या, माझं किती झालं असंल गं? मी नवीन पान काढलं. त्या सांगत गेल्या, बाहत्तरच्या दुष्काळात काय भाव होता, कोणत्या पेठेत किती घरं गिऱ्हाईक म्हणून बांधलेली होती, मोठा पोटात असताना कुठवर चालल्या. मी मांडत गेले. चौथ्या वर्षापाशी त्या थांबल्या. बोटं मोजता मोजता तशीच धरून ठेवली होती.

म्हणाल्या, राहू दे आता. तव्यावरची चिलापी उलट आधी, एका अंगानं जळाली बघ.